प्रिंटमधला काळा जातो कुठे?

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये ठसठशीत दिसलेली प्रिंट बाहेर उजेडात आणली की पुष्कळदा तिचा चेहरा पडतो. केस करडे, पांढरा सदरा मळका, आणि मधल्या साऱ्या छटा एकमेकींना चिकटलेल्या. ‘फ्लॅट आली’ म्हणत जुने स्टुडिओवाले हार्ड ग्रेडच्या, म्हणजे जास्त कॉन्ट्रास्ट देणाऱ्या, कागदाचा डबा उघडायचे. आज हौसेने न्हाणीघरात डार्करूम थाटणारेही तेच करतात, फक्त डब्याऐवजी फिल्टर बदलतात. कधी हा इलाज लागू पडतो, पण अनेकदा नुसता महागाचा कागद जातो. प्रिंट फ्लॅट येण्याची कारणे अनेक आहेत आणि ग्रेड हे त्यांतले केवळ एक. हिंगोलीसारख्या ठिकाणी तर त्यांतली बरीच कारणे हवामान आणि वीज मिळूनच पुरवतात.

डार्करूमची बहुतेक पुस्तके आणि रसायनांच्या डब्यांवरच्या सूचना २० अंश सेल्सिअस गृहीत धरतात. ज्या गावांत हे कागद आणि ही रसायने प्रथम बनली, तिथे हा आकडा सोयीचा होता. हिंगोलीत मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि छपरावरच्या टाकीतले पाणी नळाला येते तेव्हा त्यात हात धरवत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत कयाधूकाठची एखादी पहाट दहा अंशांच्याही खाली उतरते. पुस्तकातले तापमान इथे आपोआप मिळते, असे दिवस वर्षात थोडेच.

माल बनवणाऱ्यांनाही ही अडचण ठाऊक होती. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिचा कारखाना नीलगिरीत, उटीला उभा राहिला, कारण तिथली हवा थंड आणि कमी धुळीची. १९६७पासून तिथे ‘इंदू’ छापाचा माल तयार होऊ लागला. हा कागद उटीच्या गारव्यात जन्मायचा आणि मराठवाड्यात पत्र्याच्या दुकानात उन्हाळे काढायचा. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, तोवर रंगीत फोटोंनी कृष्णधवल कागदाला जवळजवळ हुसकावून लावले होते. अजूनही बंद पडलेल्या एखाद्या स्टुडिओच्या माळ्यावर जुन्या कागदाचे सीलबंद डबे सापडतात आणि नवशिक्याला हर्ष होतो. त्या हर्षाचे पुढे काय होते, ते ओघात येईलच.

निदानाची सुरुवात प्रिंटच्या दोन टोकांपासून करावी. फोटोतला सगळ्यात काळा भाग खरोखर काळा आहे का आणि सगळ्यात पांढरा भाग खरोखर पांढरा आहे का, हे आधी पाहायचे. डोळा यात सहज फसतो, म्हणून शेजारी ठेवायला दोन तुकडे करून घ्यावेत. पहिला तुकडा न वापरलेल्या कागदाचा, डेव्हलपर न दाखवता सरळ हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, टाकून धुतलेला. हा त्या कागदाचा अस्सल पांढरा. दुसरा तुकडा खोलीतल्या साध्या दिव्याखाली धरून, ताज्या डेव्हलपरमध्ये २० अंशांना पूर्ण दोन-तीन मिनिटे ठेवून, फिक्स करून धुतलेला. हा अस्सल काळा, याच्यापेक्षा काळे त्या कागदाला जमणार नाही. चकचकीत कागदाचा पूर्ण काळा पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्सा किंवा त्याहून कमी परत पाठवतो. मॅट कागदाचा काळा जेमतेम चाळिसाव्या हिश्शापर्यंत जातो. तेव्हा मॅट कागदावरची प्रिंट चकचकीत प्रिंटशी ताडून तिला फ्लॅट ठरवणे अन्यायाचे आहे.

आता बिघडलेली प्रिंट वाळवून या दोन तुकड्यांशेजारी ठेवा. पांढरे ठीक पण काळे करडे असेल, तर पहिला संशय डेव्हलपिंगवर. काळे ठीक पण पांढरे मळलेले असेल, तर कुठून तरी नको तो उजेड कागदाला लागला आहे किंवा कागद म्हातारा झाला आहे. दोन्ही टोके जागेवर असूनही मधल्या छटांत जीव नसेल, तेव्हा निगेटिव्ह आणि ग्रेडकडे वळावे. हा क्रम उलटा केला की पैसे जातात.

काळा नीट न पडण्यामागचे आमच्याकडचे ठळक कारण म्हणजे थंडी. ऐकायला विचित्र वाटते, कारण मराठवाडा म्हटले की उन्हाचीच आठवण होते. कागदासाठी सर्वांत रुळलेला डेव्हलपर म्हणजे डी-७२. त्याच्या एक लिटर मूळ द्रावणात साधारण ३ ग्रॅम मेटॉल, ४५ ग्रॅम सोडियम सल्फाइट, १२ ग्रॅम हायड्रोक्विनोन, ६७.५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट आणि २ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम ब्रोमाइड असते; वापरताना एका भागात दोन भाग पाणी घालतात. यातली काम करणारी रसायने दोन, मेटॉल आणि हायड्रोक्विनोन. मेटॉल चटकन चित्र उमटवते, पण एकट्याने मऊ, करड्या छटाच देते. गडद काळा भरण्याचे बरेचसे काम हायड्रोक्विनोनचे. आणि नेमके तेच थंडीला हळवे आहे. तापमान १३ अंशांच्या आसपास आले की हायड्रोक्विनोन जवळपास निकामी होते. मग जू दोघांच्या मानेवर, पण औत एकच बैल ओढतोय, अशी गत होते. चित्र उमटते, वेळेवर उमटते, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. फक्त काळा येत नाही. मेटॉल थोडे आळसावते, हायड्रोक्विनोन मात्र झोपीच जाते, त्यामुळे नुसता वेळ वाढवूनही तूट पुरी भरत नाही.

हिवाळ्यात रात्री काम करणाऱ्याने म्हणून बाटलीतले नव्हे, ट्रेमधले तापमान मोजावे. पसरट ट्रेमध्ये ओतलेले दोन बोटे द्रावण पाहता पाहता खोलीच्या तापमानाला येते आणि स्टीलचा ट्रे असेल तर आणखी लवकर. डेव्हलपरचा ट्रे कोमट पाण्याच्या मोठ्या परातीत ठेवला आणि परातीतले पाणी अधूनमधून बदलले की काम भागते. तापमापक घेताना ताप मोजायचा घेऊ नये. त्याची पट्टीच ३५ अंशांपासून सुरू होते. प्रयोगशाळेतला, शून्यापासून मोजणारा हवा. तो स्वस्त असतो आणि माझ्या मते डार्करूममध्ये एन्लार्जरच्या खालोखाल त्याचाच मान.

दुसरे कारण माणसाच्या घाईचे. प्रिंटला एक्स्पोजर जास्त झाले की ती ट्रेमध्ये भराभर काळवंडू लागते आणि ‘गेली, गेली’ म्हणत माणूस वीस सेकंदांत चिमट्याने उचलून स्टॉप बाथमध्ये टाकतो. फोटो वाचला असे वाटते, पण अशा प्रिंटमध्ये काळ्याला भरायला वेळच मिळालेला नसतो. ती डागाळलेली, चिखलाच्या रंगाची येते. यात लाल दिवाही फसवतो, कारण त्याच्या मंद उजेडात प्रत्येक प्रिंट आहे त्यापेक्षा गडद दिसते. फायबर कागदाला दीड ते दोन मिनिटे, प्लॅस्टिकचा थर असलेल्या आरसी कागदाला साधारण एक मिनिट, एवढा वेळ २० अंशांना द्यायलाच हवा. प्रिंट जास्त काळी झाली तर ती फेकावी आणि पुढच्या वेळी एक्स्पोजर कमी करावे. डेव्हलपिंगच्या वेळेत काटकसर करू नये.

उन्हाळ्यात ही घाई अंगवळणी पडते, कारण तीस-पस्तीस अंशांना डेव्हलपर इतका तिखट होतो की सारे काम अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपते. त्या वेगात दोन सेकंद इकडेतिकडे झाले तरी दोन प्रिंट सारख्या येत नाहीत. शिवाय उष्णतेने फॉग वाढतो, म्हणजे ज्या कणांना प्रकाश लागलेलाच नाही तेही काळे होऊ लागतात आणि पांढऱ्यावर करडी झाक चढते. अशा वेळी बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकणारे असतात. त्याने द्रावण गार होते तसे पातळही होते आणि पुन्हा काळा हरवतो. बर्फ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बाहेरच्या परातीत ठेवावा. बर्फ नसेल तर माठ आहे. मे महिन्याच्या कोरड्या हवेत माठातले पाणी पंचविशीच्या आसपास उतरते आणि प्रिंटसाठी तेवढे चालून जाते. आषाढ-श्रावणात, हवा दमट झाल्यावर, माठाची ही करामत बरीच ओसरते. पण तेव्हा गरजही तेवढी नसते.

हायपोचे खडे पाण्यात विरघळताना पाणी लक्षणीय गार होते, उलट डेव्हलपरमधला निर्जल सोडा विरघळताना पाणी तापते. म्हणून उन्हाळ्यात फिक्सर ऐनवेळी केला तरी चालतो, पण डेव्हलपर आदल्या दिवशी करून माठाशेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेला बरा.

योग्य तापमानाला पुरा वेळ देऊनही काळा पडत नसेल, तर मुळात डेव्हलपर ताजा आहे का ते पाहावे. अर्धी रिकामी बाटली म्हणजे अर्धी हवेची बाटली. त्या हवेने हायड्रोक्विनोन संपत जाते आणि द्रावण तपकिरी होते. ट्रेमधला डेव्हलपर वापरानेही थकतो, कारण प्रत्येक कागदातून थोडे ब्रोमाइड त्यात उतरते आणि पुढच्या प्रिंटचा वेग मंदावतो. हे ओळखायची सोपी खूण म्हणजे चित्राची पहिली रेषा दिसायला लागणारा वेळ. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड वॉटकिन्सने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावरून एक पद्धतच बसवली. समजा, ताज्या डेव्हलपरमध्ये चित्र १२ सेकंदांना दिसू लागले आणि उत्तम प्रिंटला दोन मिनिटे लागली, तर गुणक झाला दहा. पुढे चित्र दिसायला १५ सेकंद लागले तर अडीच मिनिटे द्यायची. तापमान थोडे खालीवर झाले तरी हा गुणक सांभाळून घेतो, म्हणून आमच्या हवेत तो घड्याळापेक्षा भरवशाचा. मात्र कडाक्याच्या थंडीत, हायड्रोक्विनोन झोपल्यावर, त्याचाही उपयोग नाही. आणि पहिली रेषा तीस-पस्तीस सेकंदांवर गेली की गुणाकार करत बसण्यापेक्षा ट्रे रिकामा करावा.

पाण्यावर उगाच आळ येतो. बोअरचे पाणी जड असते, त्याने डेव्हलपरमध्ये पांढरा गाळ बसतो, प्रिंटवर खडूसारखा थर येतो, हे खरे. त्यासाठी पाणी उकळून, निवळून, गाळून घ्यावे. पण जड पाण्याने काळा उतरत नाही.

आता पांढऱ्याकडे. माळ्यावर सापडलेला जुना डबा इथे येतो. ब्रोमाइड कागद काही वर्षांत, आणि उष्णतेत त्याहून लवकर, आपोआप फॉग होतो. तपासणी सोपी आहे. अंधारात कागदाचे दोन तुकडे काढावेत. एक सरळ हायपोत, दुसरा उजेड न दाखवता डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ आणि मग हायपोत. धुऊन शेजारी ठेवल्यावर दुसरा करडा दिसला तर कागद उतरला आहे. फॉग हलका असेल तर डेव्हलपरमध्ये बेन्झोट्रायझोलचे एक टक्का द्रावण लिटरला दहा मिलिलिटरपासून सुरू करून घालतात किंवा पोटॅशियम ब्रोमाइड वाढवतात. याने पांढरा बराच सुधारतो, पण कागद मंदावतो आणि एक्स्पोजर वाढवावे लागते. वयामुळे कागदाचा मूळ ग्रेडही उतरलेला असतो, डब्यावर ‘हार्ड’ छापलेले असले तरी. म्हणून असा डबा हाती लागला की त्यातली दोन-तीन पाने तपासणीत घालवावीत आणि मगच पुढे जावे. फॉग गडद असेल तर डबा आठवण म्हणून ठेवावा.

ताज्या कागदाचाही पांढरा मळत असेल तर लाल दिव्यावर या. आपल्याकडे डार्करूमचा दिवा म्हणजे बहुधा लाल रंगाचा झिरोचा बल्ब. नाव झिरो, पण तो शून्य वॉटचा नसतो. जुन्या काचेच्या बल्बचा खप पंधरा वॉटच्या घरात असतो. वरचा लाल रंग कुठे खरवडला गेला असेल तर तिथून पांढरा उजेड गळतो. दुकानात मिळणारा पारदर्शक लाल कागद गुंडाळला म्हणजे दिवा सुरक्षित झाला, हेही खरे नव्हे. तो कागद आपल्या डोळ्याला लाल दिसतो, पण थोडा निळा-हिरवा प्रकाश आरपार जाऊ देतो आणि ब्रोमाइडला तेवढा पुरतो. खास सेफलाइटमध्येही पंधरा वॉटचा बल्ब कागदापासून सव्वा मीटरभर लांब ठेवावा, असा संकेत आहे. चार बाय सहाच्या खोलीत तो हमखास डोक्यावर टांगलेला असतो.

इथे एक बारकावा आहे आणि मुरलेले लोकही त्यात अडकतात. प्रिंटची कडा पांढरी आहे, म्हणजे लाल दिवा निर्दोष आहे, असे समजले जाते. तसे नसते. कागदाला दिसण्याजोगा परिणाम व्हायला आधी काही किमान प्रकाश लागतो. कडेला एन्लार्जरचा प्रकाश लागलेलाच नसतो, त्यामुळे लाल दिव्याचा चोरटा प्रकाश त्या किमान हद्दीच्या आतच राहतो आणि कडा पांढरी दिसते. पण चित्रातल्या उजळ भागांना, म्हणजे कपाळाला, सदऱ्याला, आभाळाला, एन्लार्जरचा थोडा प्रकाश आधीच मिळालेला असतो. त्यात लाल दिव्याची भर पडली की हद्द ओलांडली जाते आणि नेमके तेच भाग मळतात. कडा शुभ्र, सदरा मळका आणि दोष मात्र निगेटिव्हच्या माथी!

म्हणून लाल दिव्याची परीक्षा कोऱ्या कागदावर घेऊ नये. आधी लाल दिवा बंद ठेवून एन्लार्जरखाली कागदाला अगदी फिकट करडा येईल एवढाच प्रकाश द्यावा. मग त्यावर एक नाणे ठेवून लाल दिवा लावावा, दर दोन मिनिटांनी पुढे आणखी एक नाणे ठेवावे आणि शेवटच्या नाण्यानंतरही तेवढीच वाट पाहावी. मग दिवा बंद करून अंधारातच डेव्हलप करावे. पहिल्या नाण्याखालच्या जागेला लाल दिवा लागलाच नाही, शेवटच्याखालच्या जागेला बराच वेळ लागला. ज्या नाण्याची गोल खूण कागदावर उमटते, तिथे दिवा दोषी. कुठलीही खूण न उमटता आठ मिनिटे गेली तर दिवा रोजच्या कामाला निर्धोक समजावा. हाच प्रयोग लाल दिवा न लावता केला, तर पत्र्यातल्या खिळ्यांच्या भोकांतून, दाराच्या फटीतून, इन्व्हर्टरच्या हिरव्या टिकलीतून येणारा उजेड पकडला जातो. खिशातला मोबाइल बाहेर ठेवावा हे सांगायला नकोच.

एन्लार्जरची लेन्सही पांढरा मळवते. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशीची जाळी धरते, वर धुळीचा थर असतो, आणि काळ्या भागांसाठीचा जोरदार प्रकाश विखरून उजळ भागांवर पसरतो. लेन्समधून दिव्याकडे पाहिले की जाळी दिसते. निगेटिव्ह कॅरिअरमध्ये निगेटिव्हच्या बाहेर उघडी जागा राहिली असेल तर ती काळ्या कागदाने झाकावी.

लाल दिवा आणि लेन्स दोन्ही निर्दोष ठरल्यावर उरते ती वीज. रब्बीच्या दिवसांत शेतीपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज उतरते, हे इथे कुणाला सांगावे लागत नाही. तारेच्या बल्बचा प्रकाश मात्र व्होल्टेजच्या मानाने फारच झपाट्याने घसरतो. २३० व्होल्टचा बल्ब २०० व्होल्टवर साधारण साठ टक्केच प्रकाश देतो आणि १८० व्होल्टवर निम्म्याहून कमी. दुपारी काढलेल्या टेस्ट स्ट्रिपवरून संध्याकाळी प्रिंट केली की ती फिकी येते, काळे भाग करडेच राहतात, आणि माणूस ‘कॉन्ट्रास्ट कमी पडला’ म्हणतो. खरे तर कमी पडला तो प्रकाश. मल्टिग्रेड कागदावर याहून कपटी प्रकार होतो. हा कागद इलफर्ड कंपनीने १९४०मध्ये प्रथम बाजारात आणला. त्यातले इमल्शन निळ्या प्रकाशाला हार्ड आणि हिरव्या प्रकाशाला सॉफ्ट उत्तर देते. जांभळट-गुलाबी फिल्टर हिरवा अडवून कॉन्ट्रास्ट वाढवतो, पिवळा फिल्टर निळा अडवून कमी करतो. व्होल्टेज उतरले की बल्ब मंद तर होतोच, पण पिवळटही होतो. म्हणजे न सांगता कुणीतरी पिवळा फिल्टर लावून गेल्यासारखेच. फिल्टर तोच, वेळ वाढवून दिलेला, तरी प्रिंट आधीपेक्षा मऊ! एका ग्रेडच्या साध्या कागदावर हा दुसरा घोळ होत नाही. एन्लार्जरला स्टॅबिलायझर लावावा, नाहीतर पंप बंद असण्याच्या वेळी काम करावे.

एवढे सगळे चाळून झाल्यावर निगेटिव्ह हातात घ्यावी. जुनी परीक्षा अशी: उजेडात वर्तमानपत्रावर निगेटिव्ह टेकवावी. तिच्या सर्वांत गडद भागातून, म्हणजे फोटोत जो पांढरा येणार आहे त्यातून, खालची अक्षरे जेमतेम वाचता आली तर निगेटिव्ह बरी. अक्षरे लख्ख दिसत असतील तर निगेटिव्ह पातळ आहे. पण पातळ दोन प्रकारांनी होते आणि त्यांत गल्लत करू नये. सावलीतले बारकावेच नसतील, तिथे फिल्म जवळपास कोरी असेल, तर कॅमेऱ्यातच एक्स्पोजर कमी पडले. सावलीत बारकावे आहेत पण उजळ भाग पुरेसे गडद झालेले नाहीत, तर फिल्म डेव्हलपरमधून लवकर बाहेर आली. १८९०मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या जोडीने प्रकाश आणि काळेपणा यांचा आलेख मांडला, तेव्हापासून याचे कारण माहीत आहे. आलेखाच्या पायथ्याशी रेषा जवळजवळ आडवी असते. कमी एक्स्पोजर मिळालेल्या सावल्या तिथे जाऊन पडतात आणि एकमेकींत मिसळतात. त्यांना पुढे कुठलाही ग्रेड वेगळे करू शकत नाही. दुसऱ्या प्रकारची निगेटिव्ह मात्र हार्ड ग्रेडवर छान उभी राहते.

उन्हाळ्यात दुसरा प्रकार फार घडतो. गरम डेव्हलपरमध्ये फिल्म जास्त होईल या भीतीने ती आधीच बाहेर काढली जाते. फिल्मची वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की ती एकसारखी डेव्हलप होईल याची खात्री उरत नाही, म्हणून वेळ छाटत बसण्यापेक्षा द्रावण गार करणे चांगले. अगदीच अशक्य असेल तर उष्ण हवेसाठीच्या जुन्या सूत्रांत सोडियम सल्फेट घालत, त्याने जिलेटिन फुगत नाही.

ग्रेडची चैन तशी अलीकडची. हिंगोली ज्या निजामी मुलखात होती, त्या मुलखाच्या दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या ऐन भरातल्या काळात अल्ब्युमिन कागदाचे राज्य होते. त्याला ग्रेड नव्हते. निगेटिव्हच कागदाला साजेशी भरदार करावी लागे. छपाई उन्हात, एन्लार्जरशिवाय. निगेटिव्ह पातळ असेल तर चौकट सावलीत ठेवून सावकाश छापायची, म्हणजे कॉन्ट्रास्ट थोडा वाढे. भडक असेल तर थेट उन्हात. आपल्याकडे शून्यापासून पाचपर्यंत ग्रेड आहेत, तरी आपण चाचपडतो, कारण वेळ आणि ग्रेड दोन्ही एकदम बदलतो. छापणाऱ्यांचा नियम साधा आहे. उजळ भागांवरून वेळ ठरवायची आणि काळ्यावरून ग्रेड. आधी टेस्ट स्ट्रिपवर फक्त पांढरे बघा. सदऱ्याची घडी दिसेल पण सदरा मळणार नाही, अशी वेळ पक्की करा. त्या वेळेला काळे करडे असतील तर एक ग्रेड वर जा आणि पांढऱ्यासाठी वेळ पुन्हा ठरवा. मल्टिग्रेडचे चार ते पाच क्रमांकाचे फिल्टर वापरताना वेळ साधारण दुप्पट लागते. ती न दिल्याने प्रिंट फिकी आली की फिल्टरला दोष देतात. आणि एन्लार्जर बदलला तर सारा हिशेब बदलतो. कन्डेन्सरचा एन्लार्जर त्याच निगेटिव्हमधून दुधी काचेच्या एन्लार्जरपेक्षा जवळजवळ एक ग्रेड जास्त कॉन्ट्रास्ट काढतो, कारण निगेटिव्हमधले चांदीचे कण सरळ येणारा प्रकाश विखरून टाकतात. बेल्जियन शास्त्रज्ञ आंद्रे कॅलिये यांनी १९०९मध्ये हे मोजून दाखवले. मित्राच्या डार्करूममध्ये तीन नंबरवर सुरेख आलेली निगेटिव्ह आपल्याकडे चारवर न्यावी लागली, तर त्यात हार मानण्यासारखे काही नाही.

पाचवरही न भागणाऱ्या निगेटिव्हला सेलेनियम टोनरमध्ये बुडवून थोडी भरदार करता येते. जुने स्टुडिओवाले डायक्रोमेटचा इन्टेन्सिफायर वापरत. तो विषारी आणि कर्करोगकारक आहे, घरात नकोच. प्रिंटमधला एखादाच भाग मळला असेल, तर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि हायपोचे मिश्रण, हॉवर्ड फार्मरने १८८३मध्ये दिलेले, कापसाच्या बोळ्याने हलके फिरवून तो उजळता येतो. हात हलका हवा. गेलेली चांदी परत येत नाही.

शेवटी असेही फोटो असतात ज्यांत सगळे बरोबर असूनही प्रिंट फ्लॅट येते, कारण समोरचे दृश्यच तसे असते. औंढा नागनाथच्या देवळाची खालची भिंत हे त्याचे उत्तम उदाहरण. काळ्या दगडात मूर्तींच्या रांगाच रांगा. पण भिंत सावलीत असली की सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद दगडात फारसे अंतरच उरत नाही. नेहमीसारखी डेव्हलप केलेली निगेटिव्ह दोन नंबरच्या कागदावर छापली तर सगळ्या मूर्ती एका करड्या चादरीखाली झोपलेल्या दिसतात. अशा रोलला डेव्हलपिंग वीस-पंचवीस टक्के वाढवावे आणि तीन-चार ग्रेड वापरावा. त्याहून चांगले म्हणजे ऊन भिंतीला चाटून जाते त्या घडीची वाट पाहणे, कारण तेव्हा कोरीव कामाच्या प्रत्येक खोबणीत सावली साचते. आणि छापताना दगडाला पांढरे करण्याच्या मागे लागू नये. काळा खोबणीत हवा, पांढरा हवा असेल तर तो आभाळात शोधावा. दगड करडा आहे, तो करडाच ठेवावा.